आधी जीव, मग बोटं

ज्यांचं केमो चालू आहे आणि हातापायांना मुंग्या येता येता हळूहळू बधिरपणा चढतोय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनीही खुशाल वाचावं. फक्त "आमच्या मावशीला अमुक पाल्याच्या रसानं गुण आला" असं सांगायला कुणी फोन करू नका. लई ऐकून झालंय माझं.

मी मंगल. पैठण गेटजवळच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. आमचे सर आत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात आणि बाहेर खुर्चीवरच्या माणसाच्या हातातली शीर शोधायची, ते माझं काम. शीर डोळ्यांनी शोधायची नसते. निळी रेघ दिसली की सुई घालणारे पुष्कळ असतात, आणि मग माणूस बोंबलतो. शीर बोटाला लागते. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते. जाडजूड शेठाणीचा दंड असो की म्हाताऱ्याचा वाळलेला हात, माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला ती सापडायची. सिल्लोडहून येणारे लोक आधी फोन करून विचारायचे, "त्या बाई हायत का आज?" मला याचा गर्व होता. अजून आहे. कशाला खोटं बोलू?

माझंच रक्त

वर्षभर मला मूळव्याध आहे असं मीच ठरवून टाकलं होतं. रक्त पडायचं, मी इसबगोल घ्यायची, तिखट कमी करायची आणि गप्प बसायची. असल्या जागेचं दुखणं बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर दूरच. लॅबचा जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा सर म्हणाले, "मंगलताई, तोंड बघा आरशात. पांढरंफटक पडलंय. आजचं पहिलं रक्त तुमचं."

मी माझ्याच डाव्या हातातून उजव्या हातानं रक्त काढलं. रिपोर्ट आला तेव्हा सरांना वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. त्यांनी नमुना परत मशीनला लावला. हिमोग्लोबिन तेवढंच कमी. मग दुर्बिणीची तपासणी, मग तुकडा, मग ते पाकीट. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती चांगली नव्हती.

आमचे हे वायरमन आहेत. दवाखान्यात डॉक्टर बोलत होते तोवर हे नुसते मान हलवत होते, जणू कुणी मीटर कुठं बसवायचा ते सांगतंय. येताना क्रांती चौकाच्या पुढं गाडी हेलकावे खायला लागली. मी मागून वाकून बघितलं तर हे हेल्मेटच्या आत रडत होते आणि काचेवर वाफ धरली होती.

"अहो, थांबवा! कॅन्सरच्या आधी तुम्हीच माराल मला!"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. रसवंतीच्या बाकड्यावर बसून आम्ही रस प्यायलो. निदानाच्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं, तो रस लई गोड होता आणि मला त्याचा राग आला होता.

उन्हाळा आणि गार पाणी

ऑपरेशन झालं. ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्यात माझं काही काम नव्हतं. मी झोपले होते, त्यांनी कापलं. खरी कामगिरी पुढं होती, ती म्हणजे केमो.

दिवसभराच्या केमोचा एक मोठा हॉल असतो. रांगेनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा स्टँड, आणि समोर टीव्ही, ज्याचा आवाज बंद. सिस्टर सुई लावायला आली की माझी जीभ थांबायची नाही. "तिथं नको, ती शीर पळते. बाहेरच्या बाजूला बघ, जाड आहे." पहिल्या वेळी ती चिडली. दुसऱ्या वेळी तिनं माझा हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "सांगा, कुठं?" तेव्हापासून आमची दोस्ती झाली. दवाखान्यात कुणीतरी आपलं ऐकतंय, एवढ्यावर माणूस आठवडा काढतो.

माझ्या औषधात एक असं होतं की त्यानं थंडीचा करंट बसतो. गार वस्तूला हात लावला की बोटांत काचा टोचतात. गार पाणी प्यायलं की घसा आवळतो आणि वाटतं, श्वास बंद पडला. आणि हे कधी? आमच्याकडच्या मे महिन्यात! बाहेर ऊन असं की कुत्री गटारीत बसतात, घरात माठ भरलेला, वर ओला कपडा गुंडाळलेला, आणि मी थर्मासमधलं कोमट पाणी पितेय. ह्यांनी माझ्यादेखत माठातलं पाणी पिणं बंद केलं. मी म्हटलं, "प्या हो, मला काय त्याचं." पण नाही. तेही कोमटच प्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला कधी फूल आणून दिलं नाही. पण ते कोमट पाणी मी विसरणार नाही.

पुढं पुढं करंट बसणं कमी झालं आणि त्याच्या जागी बधिरपणा आला. आधी पायाचे तळवे, मग बोटांची टोकं. ब्लाउजचं बटण लागेना. चपाती तव्यावर उलटताना हात भाजला तर वासानं कळलं.

एका सकाळी मी सहज माझ्याच दंडाला पट्टा बांधला आणि शीर चाचपली. काहीच लागलं नाही. डोळ्यांना दिसत होती, चांगली फुगलेली, आणि बोटाला नुसता रबरासारखा गोळा. मी परत दाबलं, हात बदलला, तेच. मग मी पलंगावर बसून भोकाड पसरलं. निदानाच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. आतडं गेलं तर गेलं, ते कुणाला दिसतंय? पण बोटं गेली तर मी कोण राहिले?

माळ्यावरचं सामान

नसरीन मॅडमचा दवाखाना शहागंजात, एका सुक्या मेव्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चिनी पद्धतीचं सुयांचं शास्त्र त्या रीतसर शिकलेल्या. त्यांचे पेशंट आमच्या लॅबमध्ये यायचे, म्हणून नाव माहीत होतं. मी आधी माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मळमळीला आणि बधिरपणाला करून बघा. काहींना बरं वाटतं, काहींना नाही. पण रक्तातल्या पेशी कमी असतील तेव्हा सुई नको, आणि चूर्ण, काढा असलं काही मला विचारल्याशिवाय पोटात जाता कामा नये."

मला सोबत म्हणून आमच्या आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. देवगाव रंगारीला त्यांची शेती. माझं आजारपण कळल्यावर लेकावर शेत टाकून त्या आमच्याकडं राहायला आल्या होत्या. भाकरी त्याच टाकायच्या, केर त्याच काढायच्या, आणि मला दिवसातून दहादा विचारायच्या, "कसं वाटतंय गं?" दहाव्यांदा मी खेकसायची. त्या हसायच्या.

नसरीन मॅडमनी सुईला हातच लावला नाही. आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. वाचून बाजूला ठेवला. "पांढऱ्या पेशी खाली आहेत. आज सुई नाही." मग मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून थोडं वर, दोन नसांच्या मध्ये अंगठा ठेवून दाखवला. मळमळलं की इथं दाबायचं. एवढंच.

मी वैतागले. "मॅडम, एवढ्या लांबून आले. हे विष बोटांत जाऊन बसलंय. काढून टाका ना एकदाचं."

"विष म्हणालात ना? बरोबर म्हणालात," त्या म्हणाल्या. "तुमचं औषध म्हणजे विषच आहे, गाठीला मारायला दिलेलं. आमच्या शास्त्रात असं समजतात, शरीराला जे पचवता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, ते विष. मग शरीर काय करतं? घरात नको असलेलं सामान आपण कुठं टाकतो?"

"माळ्यावर," आक्का म्हणाल्या.

"बस! शरीर पण तेच करतं. दिल, कलेजा, पोट, हे घरातले लोक. त्यांना त्रास नको म्हणून ते विष लांब कोपऱ्यात सरकवतं, हातापायांच्या टोकाला. बोटं बधिर झाली म्हणजे शरीर हरलं असं नाही हां मंगलताई. त्यानं सौदा केलाय. बोटं देऊन दिल वाचवलं."

इतक्या महिन्यांत माझ्या शरीराबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.

"आता घरात ताकद नसताना माळ्यावरचं सामान ओढलं तर ते कुणाच्या डोक्यावर पडणार? म्हणून आधी ताकद. जेवण, झोप. सामान हळूहळू काढू, शरीराच्या स्वतःच्या वाटांनी. आणि एक सांगते, गाठीवर माझी सुई चालत नाही. ते काम त्यांचंच. केमो चुकवायचं नाही." आक्कांकडं वळून त्यांनी माझ्या तळपायाच्या खळग्यावर बोट ठेवलं. "पुढं पेशी चांगल्या झाल्या की इथून सुरू करू. इथून खाली ओढून विषाला वाट द्यायची."

आक्कांनी मान डोलावली. त्यांना ते अगदी पटलं. फार पटलं, हीच पुढची पंचाईत.

बिब्बा

आमच्या भागात पायात काटा मोडला की बिब्बा लावतात. काळं कुळकुळीत फळ असतं, ते टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, त्याचा चटका काट्याच्या जागी द्यायचा. पाय बरा होतो. पण बिब्बा जहाल. थोडा जास्त झाला की उततो, म्हणजे कातडीवर फोड येतात. किती लावायचा याचं माप आक्कांसारख्या बायकांकडं असतं आणि ते माप अगदी सोपं आहे. माणूस "आई गं!" म्हणून ओरडला की थांबायचं.

दोन दिवसांनी दुपारी मी पडले होते. हे कामावर गेलेले. आक्का पायथ्याशी बसल्या होत्या.

"मंगल, ती मॅडम म्हनली ना, तळपायातनं विषाला वाट द्यायची? ती कवा सुया लावल आन् कवा न्हाई. आपल्याकडं त्याच्यापेक्षा भारी हाय. गावावरनं आनलाय म्या."

"काय आणलंय?"

"बिब्बा. पाय फाटले व्हते तवा माज्या सासूनं लावला व्हता. सगळी घाण वढून काढतो."

आता तुम्ही म्हणाल, लॅबमध्ये काम करणारी बाई, तिला अक्कल नको? अक्कल होती. पण केमोच्या दिवसांत अक्कल अंथरुणाखाली जाते. अंगात हो म्हणायचं त्राण नव्हतं आणि नको म्हणायचंही नव्हतं. शिवाय ती माउली आठवडेच्या आठवडे माझी उलटी उचलत होती. तिला काहीतरी करायचं होतं, आणि मला तिला करू द्यायचं होतं. मी म्हटलं, "लावा."

आक्कांनी चटका दिला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. "लागतंय का?"

"नाही."

अजून एक. "आता?"

"काही नाही."

"विष लई खोल हाय गं बाई," त्या म्हणाल्या आणि पुढं लावत गेल्या. माझं ओरडणं यायची त्या वाट बघत होत्या. माझ्या पायांना कळतच नव्हतं, तर ओरडणार कुठून? मी तर झोपून गेले.

कॉरिडॉर

दुसऱ्या दिवशी दोन्ही तळवे फोडांनी भरले. आक्कांनी पट्ट्या बांधल्या, ह्यांना आम्ही काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी फोड फुटले आणि मला थंडी वाजून ताप भरला. केमोत पांढऱ्या पेशी खाली असताना ताप म्हणजे थांबायचं नाही, फोन करत बसायचं नाही, तडक दवाखाना. हे मी ठळक अक्षरांत सांगतेय असं समजा. ह्यांनी मला उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, "हे काय?" ह्यांना माहीतच नव्हतं. दारात उभ्या आक्का म्हणाल्या, "बिब्बा लावला म्या. ती मॅडम म्हनली व्हती, विषाला वाट द्यायची."

आमचे हे कधी ओरडत नाहीत. त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. "जीव घ्यायला आलीस का तिचा? जा गावाला! आणि ती सुयावाली! तिचं नाव काढायचं नाही माझ्या घरात!"

आक्का बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसल्या. गावाला गेल्या नाहीत आणि आतही आल्या नाहीत. माझं जेवण डब्यात घालून सिस्टरच्या हाती आत पाठवायच्या. डबा आला की मला कळायचं, त्या आहेत. मला त्यांचा राग आला होता का? आला होता. आणि त्याच वेळी वाटायचं, कुणीतरी त्यांना आत बोलवावं. दोन्ही खरं होतं.

भीती पायांची नव्हती. पाय बरे होतील हे मला दिसत होतं. भीती ही होती की पुढचं केमो लांबलं. ऑपरेशननंतरही गाठीचं काही आत राहिलंय की नाही कुणाला ठाऊक, आणि मी इथं सलाईनवर पडलेय. छताकडं बघत मी एकच हिशोब करायची, आता तिला मोकळं रान मिळालं. ही भीती मी कुणाला सांगितली नाही. सांगायला हवी होती. तुम्ही सांगा.

नसरीन मॅडमना सरांकडून कळलं. त्या आल्या तेव्हा हे दारात आडवे उभे राहिले.

"काय राहिलंय आता?" हे म्हणाले.

"माफी राहिली आहे," त्या म्हणाल्या. "मी वाट म्हणाले. वाट कशाची, कोण काढणार, ते नीट सांगितलं नाही. आणि ज्या पायाला कळत नाही त्या पायाला घरी काय काय लावायचं नाही, हे सर्वात आधी सांगायला पाहिजे होतं. आता प्रत्येकाला सांगते. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, बाम नाही, बिब्बा नाही. तुमच्या ताईंची चूक नाही हो, भाऊ. त्यांनी माझंच ऐकलं."

हे बाजूला झाले. मॅडम आत आल्या नाहीत, आधी कॉरिडॉरमध्ये आक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. मला दारातून फक्त आक्कांचा पदर डोळ्यांना लावलेला दिसत होता. मग मीच ओरडले, "आक्का, डबा स्वतः घेऊन या, नाहीतर मी जेवत नाही!" त्या आल्या. पण त्यानंतर त्यांनी माझ्या अंगाला हात लावला नाही. भाकरी करायच्या, कपडे धुवायच्या, पण पाय चेपणं नाही, डोक्याला तेल नाही. पाय भरून आल्यावर त्या गावाला गेल्या आणि परत राहायला आल्या नाहीत.

सौदा

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी सरळ विचारलं. बोटांवर परिणाम करणारं ते औषध पुढं चालू ठेवलं तर गाठ परत यायची शक्यता थोडी कमी होते, पण बधिरपणा वाढेल आणि कदाचित कायमचा राहील. बंद केलं तर बोटं वाचायची आशा जास्त. डोस कमी करून मधला रस्ताही आहे.

"माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, असलं काही विचारणार नाही," मी म्हणाले. "थोडी कमी म्हणजे किती थोडी, ते सांगा."

त्यांनी समजावून सांगितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तुझी बोटं आहेत. तू ठरव." एवढं शहाण्यासारखं ते आयुष्यात बोलले नव्हते.

मला नसरीन मॅडमचं बोलणं आठवलं. माझं शरीर मला न विचारता जो सौदा करून बसलं होतं, तोच आता मला शुद्धीत करायचा होता. मी म्हटलं, "डोस कमी करा, पण चालू ठेवा. जेवढं झेपेल तेवढं. आधी जीव, मग बोटं. बोटांचं मी बघून घेते."

डॉक्टरांनी तसंच केलं, आणि शेवटी शेवटी ते औषध त्यांनी आपणहून काढलं. केमो संपलं. हॉलमधल्या सिस्टरनं मला पेढा भरवला. मला त्याची चव पत्र्यासारखी लागली, पण मी खाल्ला.

बोटांचं बघून घेताना

केमो संपलं की बधिरपणा लगेच उतरतो असं तुम्हाला वाटत असेल तर विसरा. माझा आधी वाढला. औषध बंद आणि बोटं अजून मेलेली, हे कसं? मी घाबरून डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, असं होतं, काही महिने जाऊ द्या. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या किती तरी वाईट सकाळी वाचल्या असत्या. म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

पेशी चांगल्या झाल्या आणि नसरीन मॅडमनी सुया सुरू केल्या. केसाएवढ्या बारीक. दर आठवड्याला शहागंजाचा जिना. सुई गेली की त्या विचारायच्या, "कुछ आया?" पहिले कित्येक आठवडे काहीच येत नव्हतं. मी चिडून म्हणायची, "मॅडम, मी स्वतः सुया टोचून पोट भरते. मला टोचलेलं कळत नाही म्हणजे काय अवस्था आहे बघा." त्या हसायच्या आणि पुढची लावायच्या. मग एकदा पायाच्या अंगठ्यापाशी सुई लागली आणि मी किंचाळले. खालचा मेवेवाला वर बघायला आला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी खूश की त्याच्याकडून बदाम विकत घेऊन आम्ही तिघांनी तिथंच खाल्ले.

घरी माझी आपली वेगळी शाळा. मूग, उडीद आणि मटकी एका पिशवीत मिसळून हात आत घालायचा आणि न बघता वेगळी करायची. हे शेजारी बसून गुण द्यायचे. "नापास. उडीद आहे तो." मग रबराची नळी रुमालाखाली ठेवून चाचपायची. नंतर दोन रुमाल, नंतर टॉवेल.

लॅबमध्ये मी परत जायला लागले होते, पण काउंटरवर. नावं लिहायची, रिपोर्ट द्यायचे. सरांनी खुर्ची मऊ दिली होती. मला ती खुर्ची डोळ्यासमोर नको व्हायची. आत वर्षा रक्त काढायची. ती चांगली आहे, माझ्याच हाताखाली शिकली. सिल्लोडचे लोक मला बघून हात पुढं करायचे आणि मला म्हणावं लागायचं, "आत जा, त्या काढतील." मी ठरवलं होतं, शीर बोटाला लागल्याशिवाय कुणाच्या अंगाला सुई लावायची नाही. नुसत्या नजरेनं काढता आलं असतं कदाचित. पण समोरच्या माणसाच्या हातावर मी माझी हौस भागवणार नाही.

तुम्ही विचाराल, गुण कशानं आला? सुयांनी किती, काळानं किती, मूग-मटकीनं किती, मला सांगता येणार नाही. मी लॅबमधली बाई आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. एवढं नक्की की त्या जिन्यावर जाताना मी काहीतरी करतेय असं वाटायचं, नुसती वाट बघत बसले नाही. डाव्या हाताचं पहिलं बोट अजून अर्धंच जागं आहे. मधल्या बोटानं मात्र त्याचं काम शिकून घेतलं.

मंगलला बोलवा

गेल्या हिवाळ्यात आक्कांना ताप आला. उलट्या, जुलाब, दोन दिवसांत माणूस सुकून काडी झाला. त्यांच्या लेकानं त्यांना गावाहून थेट आमच्या लॅबवर आणलं, कारण डॉक्टरांनी रक्त आधी मागितलं होतं. मी काउंटरवर होते. आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

वर्षानं एका हाताला प्रयत्न केला, मग दुसऱ्या हाताला. अंगात पाणीच नसल्यावर शीर कुठली सापडायला? दोन्ही हात काळेनिळे. वर्षा बाहेर आली, कपाळाला घाम. "सरांना बोलावू का?"

आतून आवाज आला. बारीक, पण आक्कांचाच. "मंगलला बोलवा."

मी दारात गेले. "आक्का, माझी बोटं अजून पुरती आली नाहीत. तुम्हाला माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

"मग?"

"तू पाय माज्या हातात दिला व्हतास. मी हात देतेय. बस की आता."

मी हात धुतले, ग्लोव्ह घातले, पट्टा बांधला. आक्कांचा हात माझ्या मांडीवर घेतला. त्यांच्या बोटाला बोट लागलं, कितीतरी दिवसांनी. कोपराच्या खळीत पहिलं बोट ठेवलं. काही नाही. मी डोळे मिटले आणि मधलं बोट ठेवलं. कातडी, खाली मऊ, अजून थोडं बाहेर सरकले. दाबलं. आणि तिथं, वाळक्या कातडीच्या खाली, काहीतरी खाली गेलं आणि परत वर आलं. मी परत दाबलं. परत वर आलं. अगं बाई, तीच ती! मी कुठंही ओळखली असती तिला.

आक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवून डोळे घट्ट मिटले होते. सुई गेली. नळीत रक्त उतरायला लागलं, गडद, संथ. मी पट्टा सोडला. एक नळी भरली, दुसरी लावली. वर्षा दारात उभी राहून तोंडावर हात धरून बघत होती.

"कवा टोचतीस गं?" आक्का म्हणाल्या, डोळे मिटलेलेच. "भ्या वाटतंय मला. वाट बघायला लावू नको."

"झालं, आक्का."

"काय झालं?"

"काढून झालं. सुई पण निघाली."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या भरलेल्या नळ्या बघितल्या, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. "मला कळलंच न्हाई की गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. मलाही रडू फुटलं. कॉरिडॉरमध्ये बसून त्यांनी जे गिळलं होतं, ते सगळं आता बाहेर पडत होतं, आणि माझंही. नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडता काय?" मी ओरडले. "कापूस दाबून धरा!"